वडिलांच्या रकान्यात मामा

सोमवार, ९ जून
परवा निवड यादी लागली. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, आणि यादीत मी! मामीनं सोलापुरात आमच्या अख्ख्या चाळीत साखर वाटली. आज कागद तपासायला गेले आणि सगळ्या आनंदावर पाणी. दहावीच्या प्रमाणपत्रावर सारिका महादेव माने. आधार, जन्मदाखला, जातीचा दाखला, सगळ्यांवर सारिका दत्तात्रय लवटे. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचे वडील नक्की कोण?" शेजारचा कारकून फिस्सकन हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? टाळकं सटकलं माझं, पण नोकरी त्यांच्या हातात. दहावीचं नाव दुरुस्त करायला घाला, बोर्डाकडं प्रस्ताव गेल्याची पोच तरी आणा म्हणाले. ३० तारखेपर्यंत. नाहीतर प्रतीक्षा यादीतली पुढची.
नर्सिंगला खाजगी कॉलेज होतं, तिथं नावातला फरक कुणी बघितलासुद्धा नाही.

मंगळवार, १० जून
मामाला सांगितलं. तोंडच उतरलं त्याचं. एरवी दर दिवाळीला हीच गोष्ट हसत सांगतो. मी आण्णांची, म्हणजे सख्ख्या वडिलांची, तिसरी मुलगी. मामा-मामीला मूल नाही. दोन वर्षांची होते तेव्हा मामानं मला सांगोल्याहून उचललं आणि माढ्याकडं गावी आणलं. दत्तक वगैरे काही नाही. भाचीला घरी न्यायला कागद कशाला लागतो? पहिलीत घालायला खांद्यावर बसवून नेलं. गुरुजींनी विचारलं, पोरगी कुणाची? मामा म्हणाला, आमचीच की. गुरुजींनी लिहून टाकलं.
आज म्हणाला, "तू गळ्यात हात टाकून बसलेली. तुझ्यादेखत माझी न्हाय म्हणू व्हय?"
यात त्याचं काय चुकलं, मला कळत नाही.

शुक्रवार, १३ जून
आत्ताच्या खाजगी दवाखान्यात रजा टाकून गावी, शाळेत. मुख्याध्यापक भला माणूस, चहा पाजला. जुनं रजिस्टर काढलं. पहिलीपासून दहावीपर्यंत माने, माने, माने. "चूक आसंल तर दुरुस्त करता येती ताई. हितं चूकच न्हाय. आमच्याकडं जे हाय तेच बोर्डाला गेलंय." शाळा सोडल्यावर रजिस्टरला हात लावता येत नाही, वरनं आदेश आणा.
चूक असती तर बरं झालं असतं म्हणायची वेळ आली.

सोमवार, १६ जून
इथं सोलापुरातच, शिक्षण विभाग. जेवणाची सुट्टी, मग मीटिंग, मग एकदाच्या बाई भेटल्या. दोन प्रतिज्ञापत्रं लागतात. वडिलांचं, की मुलगी माझी. मामाचं, की ही माझी मुलगी नाही, शाळेत मी खोटी माहिती दिली.
मी म्हटलं, "बाई, खोटी नको ना. नजरचुकीनं असं लिहू."
"नजरचुकीनं बाप कसा बदलेल?"
मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला.

बुधवार, १८ जून
सांगोला. आण्णा डाळिंबावर फवारत होते. पंप पाठीवरच. "कुटं करायची सही?" मी म्हटलं, वाचा तरी. "तू आणलंयस म्हंजे बरोबरच आसंल की." केली. नोटरीच्या हाफिसात पाच मिनिटं. येताना पिशवीभर डाळिंबं दिली, एसटीत जागा धरून दिली. माणूस वाईट नाही. पण मला लई राग आला, अन् कशाचा ते कुणाला सांगताही येईना. एवढं सोपं असतं होय?

शुक्रवार, २० जून
मामाला घेऊन कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याकडं. मामानं टॉवेलच्या कारखान्यातून अर्धा दिवस मागून घेतलेला, अंगावर सुताची कसपटं तशीच. टायपिंगवाला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लागला: "सदर मुलगी माझी नसून..." मी म्हटलं, मनात वाचा ओ! मामा म्हणाला, चष्मा राहिला घरी, उद्या येऊ. चष्मा खिशात दिसत होता.
बाहेर मी म्हटलं, नको करू सही, मरू दे ती नोकरी. तर माझ्यावरच उखडला. "येडी का खुळी तू? साळंला काय उगं घातलं तुला?" तसाच मागं फिरला आणि केली सही.
मामीनं विचारलं झालं का काम. दोघंही हो म्हणालो.

मंगळवार, २४ जून
शिक्षण विभागात फाईल दिली. वाटलं सुटले. बाईंनी एकेक पान उलटलं आणि रेशनकार्डावर थांबल्या. त्यावर मी कुटुंबप्रमुखाची, म्हणजे मामाची, मुलगी. "हे राहिलं तर वरून फाईल परत येणार. नाव कमी करून दाखला जोडा, मगच पुढं पाठवते. कार्डवाल्यानं स्वतः जायचं."
घरी सांगितलं. मामी भाकरी थापायची थांबली. मामा म्हणाला, "त्यात काय. उद्या जातो."

बुधवार, २५ जून
मामा सकाळी कार्ड पिशवीत घालून गेला. संध्याकाळी म्हणाला, साहेब न्हवतं.

गुरुवार, २६ जून
आज म्हणे सर्व्हर बंद होता. असेल. नेहमीच असतो. नोकरीच्या कागद तपासणीवाल्यांना फोन केला, मुदत वाढेल का? नाही म्हणाले. यादीतली पुढची मुलगी रोज फोन करून विचारते म्हणे. तिचं तरी काय चुकलं?

शुक्रवार, २७ जून
ड्युटी संपवून रेशन ऑफिसला गेले. वाटलं, मामाला लाईनीत सोबत होईल. ऑफिस उघडं होतं. साहेब होते, सर्व्हर चालू, खिडकीवर तीनच माणसं. मामा समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेला. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. चहासुद्धा घेतलेला नव्हता.
मी रिक्षांच्या आड उभी राहिले. जा म्हणवेना, नको जाऊ म्हणवेना. इतकी हतबल मी वॉर्डात पेशंट जाताना पण होत नाही. खिडकी बंद झाली तसा तो उठला. मी दुसऱ्या रस्त्यानं घरी.
जेवताना म्हणाला, "आज बी साहेब न्हवतं."
मी म्हटलं, बरं.
उद्या-परवा सुट्टी. राहिला फक्त सोमवार. हात धुताना मी विचारलं, "मामा, सोमवारी मी येऊ का संगं?"
"कशाला? तुझी ड्युटी बुडंल."