माझं रक्त, मेंढीचं नाव

४ नोव्हेंबर, नांदेड
आले बाई एकदाची. अहमदपूरच्या एसटीत कंबर मोडली, पण प्रयोगशाळा लई झकास. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तर कपाटाएवढा. शिल्पा मॅडमनी काम समजावलं. पेशंटच्या पांढऱ्या पेशी मेंढीच्या लाल पेशींना धरतात. जितक्या जास्त धरतील तितकी पेशंटची रोगाशी लढायची ताकद चांगली. पहिली पेशंट उमरीच्या साखराबाई, सारखा ताप येतो म्हणून शेजारच्या वॉर्डात दाखल. लिहिता येत नाही, म्हणून कागदावर अंगठा दिला. म्हणाल्या, घे माय, माझं रगत कामाला येऊ दे.

७ नोव्हेंबर
मेंढीचं रक्त खाटकाकडून आणायचं. आम्ही लिंगायत, मांसाला शिवत नाही; गळ्यात लिंग घालून मी तिथं उभी राहू? कोपऱ्यावरूनच परत आले. मग स्वतःच्याच शिरेतलं काढलं. रक्त ते रक्त, दुसरं काय. बाटलीवर लिहिलं, मेंढी. लिहिताना लाज वाटली.

११ नोव्हेंबर
माणसाच्या लाल पेशींना पांढऱ्या पेशी असं धरत नाहीत, हे आज वाचलं. पण सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत तर साखराबाईंच्या पेशींनी बारीक बोटं काढून माझ्या पेशी घट्ट धरल्यात. शाब्बास मंजुश्री, अशी पकड कधी पाहिली नाही म्हणत मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. जमिनीनं गिळावं असं झालं. सांगायला तोंड उघडलं आणि चहा आला.

१५ नोव्हेंबर
सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा म्हणून नमुना औषधात मारलेला, वर सोन्याचा मुलामा; त्यात काही वाढायलाच नको. तरी आज धरलेल्या पेशी वाढल्यात. मला उठता-बसता भोवळ येतेय. साखराबाई ठणठणीत. जेवणाआधी त्यांनी डावा तळहात समोर धरून डोळे मिटले. पूजेला लिंग आम्ही असंच धरतो. विचारलं तर म्हणाल्या, सवय लागून राहिली माय, कशाची ते ठाऊक न्हाई.

१८ नोव्हेंबर
ही पकड सुटायची तर नमुना जाळायला हवा. त्यासाठी मॅडमला खरं सांगावं लागेल. दारापर्यंत जाते आणि— लाज. साखराबाईंनी आज विचारलं, आईचे गुडघे कसे हायत. मी त्यांना आईबद्दल कधीच—

२० नोव्हेंबर
नखं पांढरी. ताप. उद्या सांगतेच.

२१ नोव्हेंबर
मॅडमच्या खोलीत गेले. साखराबाई आधीच आत. खाटकाकडं गेलेच नाही मॅडम, म्हणत होत्या, स्वतःचंच रक्त घातलं, माझं चुकलं. आवाज माझा. मॅडम म्हणाल्या, मंजुश्री, रडू नको, झालं ते झालं.
मी हाक मारली. मॅडमनी वळून विचारलं, साखराबाई, आज परत ताप आला का.
गळ्याला हात लावला. लिंग नाही. ते तिच्या—
माफी तिला मिळाली. लाज माझ्याकडंच राहिली.
अक्षर वाकडं होतंय. साखराबाईंना तर लिहिता ये