ताटातले एक्कावन्न

महाड, १९ नोव्हेंबर २००१

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पोलादपूरला तुझा एसटीडी बूथ उघडायला मी पतपेढीतली ठेव मोडून वीस हजार दिले, तेही यांना न सांगता. ते तू चार भाऊबिजांना ओवाळणी म्हणून माझ्या ताटात टाकून फेडलेस. दरवर्षी पाकीट उघडलं की हे म्हणायचे, "तुझा भाऊ दिलदार आहे हो." मी मान डोलवायचे.

परवा तू ताटात एक्कावन्न रुपये टाकलेस. त्या चार वर्षांनंतरची ती पहिली खरी ओवाळणी. मी ती वेगळी ठेवली आहे.

यांचा मात्र तुझा धंदा बसला असा समज झाला. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. आज बँकेतून दहा हजार काढून आणले आणि म्हणाले, "बाळला दे. मागायला लाजत असेल तो."

पैसे कपाटात आहेत. तुला कळवलं तर तू नको म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता त्या नोटांखालीच ठेवते. यांच्या हाती लागलं तर लागू दे.

तुझी,
चारुताई