मागे जागा आहे

१२ मे
पोचलो. मालट्रकवाला वाटभर गात होता, आणि शेवटी शेवटी मीही. लेसोबेचं पोस्ट म्हणजे एक खिडकी, एक वजनकाटा आणि निळं दार. मागे दोन खोल्या, पाण्याची टाकी, सावलीला एक झाड. सगळं स्वच्छ आहे. माझ्याआधीच्या माणसाने भिंतीला खिळेसुद्धा नीट मारून ठेवलेत.

समोर रा त्शेकोंचं दुकान. इथे पुरुषाला मानाने रा म्हणतात, बाईला म्मा. त्यांनी गरम तळलेले गोळे दिले, पैसे घेतले नाहीत. माझं बोलणं ऐकून म्हणाले, रा चिलुमे, तुमची भाषा थेट फ्रान्सिसटाउनहून चालत आलेली दिसते, अजून धापा टाकतेय. दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. इथे बरं वाटेल.

२१ मे
म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या दिवशी रांग लागते. बाकीचे दिवस खिडकीपुढे वाळू. लोक वाईट नाहीत. आपापल्या घरी असतात, एवढंच. संध्याकाळी मी टाकीचा नळ थेंब थेंब टपकतो का ते बघतो. टपकत नाही.

रा त्शेको म्हणतात, गाडी घ्या, मग बघा. बस फाट्यापर्यंतच येते, पुढे सगळी वाळू. गाडीवाल्याला इथे माणसांची वाण पडत नाही. झाडाखाली लोक हात करून उभे असतात, बसतात, वाटभर बोलतात. उतरलं की पत्र्यावर थाप मारायची: उतरलो, जा. काल त्यांच्याबरोबर गेलो होतो. मागे नऊ जण आणि एक बोकड. बोकडाबद्दलच तासभर बोलणं चाललं.

ऑगस्टमध्ये माझ्या लेकीला, चेद्झाला, शाळेची सुट्टी आहे. तिची आई गेल्यापासून ती माझ्या बहिणीकडे असते. तिला फाट्यावरून आणायचं तर गाडी लागेलच.

५ जून
सरकारी जुन्या मालाचा लिलाव. तारेच्या कुंपणाआड गाड्यांच्या रांगा, काचेवर खडूने नंबर. घ्यायची ती जशी आहे तशी. इंजिन चालू करून ऐकायचं, पण चालवायची नाही. एका खचलेल्या ट्रॅक्टरसाठी दोघे व्याही हमरीतुमरीवर आले. टाइपरायटरसुद्धा चढ्या भावाने गेले.

मला हवी होती ती पांढरी पिकअप. पुढे दोन माणसांची केबिन, मागे पत्र्याचा टप. पलीकडच्या दाराला आतून कडी नाही, मागचा फाळका बाहेरूनच उघडतो. बाकी ठणठणीत. तिचा पुकारा झाला आणि गर्दी पाण्याच्या नळाकडे सरकली. सगळ्यांना एकदमच तहान लागली. लिलाववाला ओरडला, अरे, पोरीत खोट नाही, नवरदेव कुठे गेले? मी हात वर केला. दुसरा हात वर आलाच नाही. हातोडा पडला.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही इकडचे नाही ना? नाही म्हटलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ सोडला नाही.

७ जून
गाडी घेऊन आलो. फाट्यावर झाडाखाली माणसं होती. त्यांचे हात वर झाले. मी वेग कमी केला, काच खाली केली. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि हात खाली घेतले. एक आजोबा तर ओशाळल्यासारखे हसले. मागे जागा आहे, असं मी ओरडून सांगितलं. कुणी हललं नाही.

पुढे जनावरांच्या रोगासाठी घातलेलं कुंपण, तिथे आडवा बांबू. लाळ्या-खुरकूत पलीकडे जाऊ नये म्हणून गाडीतल्या प्रत्येकाने उतरून औषधात भिजवलेल्या गोणपाटावर पाय द्यायचे. चौकीवर म्मा सेइपोने नावाची बाई आहे. तिने मला नमस्कार केला. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून पुन्हा केला, जरा अधिक वाकून.

१८ जून
रोज कामानंतर गाडी काढतो. कुणी चढत नाही. रा त्शेकोंना पिठाची पोती आणायची होती. मी म्हटलं, मी आणतो. ते गाडीमागे जाऊन आले आणि म्हणाले, नको रा, आधीच भार झालाय.

मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे खरंच दबलेले आहेत. मेकॅनिकने आडवं होऊन पाहिलं. पाटे उत्तम, म्हणाला, वजन उतरवा म्हणजे झालं. मी विचारलं, कसलं वजन? त्याने हात पुसले.

२९ जून
फोनवर चेद्झाने विचारलं, बाबा, तुझ्याशी तिथे कोण बोलतं? म्हटलं, अगं, उसंत कुठे मिळते? गाडीत माणसं मावत नाहीत. ती फार हसली. मग माझ्यासाठी जागा ठेव, म्हणाली.

फोन ठेवल्यावर गाडीत जाऊन बसलो. ती घरापेक्षा ऊबदार असते.

१३ जुलै
चौकी. मी गोणपाटावर पाय दिले, परत बसलो. बांबू उठेना. म्मा सेइपोने म्हणाली, मागचं उघडा. म्हटलं, मागे कुणी नाही. ती म्हणाली, पोस्टमास्तर, तुमच्या पत्रांना हात लावायला मी येते का? मग माझ्या गोणपाटाची उठाठेव करू नका.

फाळका उघडला, शेजारचं दारही. ती तोंडातल्या तोंडात काही म्हणत उभी राहिली, कुणाच्या तरी पुढ्यात गोणपाट सारखं करत. मग म्हणाली, झालं, चला.

सिमेंटवर ओल्या पावलांचे ठसे होते. अनवाणी. गाडीकडून गोणपाटाकडे आणि परत गाडीकडे. उन्हात ते लगेच वाळले. मी वाळेपर्यंत पाहिले.

१४ जुलै
ऊन. मीच कुठेतरी चप्पल काढली असेन.

२० जुलै
आज मुद्दाम चौकीवर गेलो, विचारलंच. म्मा सेइपोनेने चहा दिला आणि सांगितलं.

गाडी सरकारी होती. सरकारी गाडीत परक्यांना घ्यायचं नाही. पण ड्रायव्हर मायाळू होता, फाट्यावर इस्पितळाची बस गाठून द्यायला लोकांना घ्यायचा. दुष्काळातल्या ऑक्टोबरात त्याला वाटेत कळलं, चौकीवर साहेब तपासणीला आलेत. लेसोबे आणि चौकीच्या मधोमध खारट जमिनीचं मैदान आहे, तिथे त्याने सगळ्यांना उतरवलं. इथेच थांबा, येतो परत, म्हणाला. आला नाही. घाबरला असेल, विसरला असेल. लोक थांबले. इथे गाडी कबूल झाली की जागा सोडायची नाही. सोडली तर गाडी चुकते. तिथे पाणी नाही. सापडले तेव्हा रांगेतच बसलेले होते.

पुढे माझी मावशी असते, म्हणाली. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून तिला पुढे.

मी विचारलं, मी तर फाट्यापर्यंत रोज जातो, मग तिथे का उतरत नाहीत? ती म्हणाली, दारं बाहेरून उघडतात, रा. आणि पोचलो म्हणून कुणी सांगायला नको?

 

२ ऑगस्ट
उद्या फाट्यावर त्यांना पोचलो म्हणून सांगेन, असं रोज ठरवतो. संध्याकाळी गाडीत बसतो. भीती वाटते. पण टपात कुणीतरी खोकतं, कुणी कूस बदलतं. मी दिवसभराचं सांगतो. आज तार नव्हती, आज एक पाकीट आलं. ते ऐकतात.

घरात टाकीचा नळ. टपकतही नाही.

५ ऑगस्ट
म्मा सेइपोने म्हणाली, पोरगी येण्याआधी त्यांना उतरवा. एकाच गाडीत ती आणि ते, दोन्ही नकोत. हो म्हटलं.

आज फाट्यावर गेलो. फाळक्याला हात लावला. गार होता, भर उन्हात. मग मी एकटाच परत— म्हणजे, त्यांच्यासकट परत आलो. एक दिवस आणखी.

७ ऑगस्ट
शेजारच्या सीटवर खळगा पडतो. मी बसल्यानंतर.

चेद्झाला फोन केला. बस लवकर आली तर हलू नकोस. उतरलीस की तिथेच थांब, मी येतो.

बोलून झाल्यावर कळलं, कुणाचे शब्द—

८ ऑगस्ट, सकाळ
निघतो. बसच्या आधी पोचायचं, उतरवायचं, मग ती. मैदानातून जाताना टपात सगळे नेहमी गप्प असतात.

दुपार. चौकी.
लिहायला हवं. क्रमाने.

बस आधीच आली होती. ती झाडाखाली उभी, दप्तर, निळा फ्रॉक. धावत आली. शेजारच्या खिडकीपाशी थांबली, गुडघ्यात वाकली, दोन्ही हातांनी टाळी वाजवून नमस्कार केला. मोठ्यांना करतात तसा. मग म्हणाली, बाबा, खरंच रे, किती माणसं! मला वाटलं, तू उगाच सांगतोस.

मला बरं वाटलं. तेवढा एक क्षण. ते लिहून ठेवतो.

मी मागे बसते, म्हणाली, आजी पुढे आहेत. मीच फाळका उघडला. कुणीतरी सरकून तिला जागा दिली.

तेव्हा आठवलं, आधी त्यांना उतरवायचं होतं. शेजारचं दार उघडलं. पाठ फिरवली, त्यांच्याकडे बघवेना. म्हणालो, पोचलो, उतरा.

सगळे उतरा, म्हणालो.

पाटे वर आले. पत्र्यावर थापा. एक, मग एक, मग— गाडी हलकी झाली. न बघता फाळका लावला. चेद्झा, घट्ट धर, म्हटलं. आधी इथून निघू, चौकीवर तिला पुढे घेऊ. वाटेत गाणं म्हटलं. तिने साथ दिली नाही, झोपली असेल म्हटलं.

चौकीवर म्मा सेइपोनेने मागचं उघडायला सांगितलंच नाही. बांबू सरळ वर. डोळे भरलेले. मावशी उतरली, म्हणाली. देव तुमचं भलं करो. आणि मग, आज एकटेच?

दप्तर आहे मागे. फक्त दप्तर.

फाटा.
झाडाखाली कुणी नाही. बस गेली. हाका मारल्या. वाळूत माझ्याच चपलांचे ठसे.

शेवटची थाप खालच्या बाजूला होती. हलकी. लहान हाताची. मी ऐकली होती. ऐकून गाडी—

ती थांबेल. मी थांब म्हटलंय. मीही जागा सोडणार नाही. फाळका उघडा ठेवलाय. शेजारचं दारही. ऊन उतरतंय. पाणी संपलं, चालेल.

मघाशी एकजण हात करून आला, गाडीकडे पाहिलं, हात खाली घेतला. नमस्कार केला. मला नाही, मागे.

पाटे आत्ता दबले. हलकेच. एवढंसं वजन. मी वळून बघणार नाही, बघितलं तर ती

चेद्झा, नीट बसलीस का? बाबाला सांग, मागे अजून कुणी