फ्लोटवर ठोकलेली खूण

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमचा राग येतोय. मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात देऊन तुम्ही मला आंदर मावळातल्या खाचरांतून फिरवायचात. एकदा मी साखळी ढिली सोडली, तर बांधावरून भांडणाऱ्या दोन्ही घरच्या माणसांदेखत असा कानाखाली आवाज काढलात की दिवसभर त्या कानानं ऐकू येईना. "तू वीतभर चुकलीस, तर हितं कुणाचं तरी डोकं फुटतंय," म्हणालात. मी तेरा वर्षांची होते. मला वाटलं, बाप नाही, कसाई आहे.

आता साखळी गेली. काठीवर रोव्हर नावाचं यंत्र असतं, त्याला उपग्रह दिसतात, आणि त्यांच्या मापातली चूक काढणारी दुरुस्ती दूरच्या स्टेशनवरून मोबाइलच्या नेटवर्कनं येते. ती नीट येत राहिली की पडद्यावर ‘फिक्स’ लिहून येतं, मग फरक बोटभराचा. नेटवर्क तुटलं की ‘फ्लोट’, म्हणजे यंत्र अंदाजानं बोलतंय. तेव्हा गप थांबायचं असतं.

गेल्या महिन्यात डोंगराच्या कुशीतल्या एका खाचरावर गेले. दोघं सख्खे भाऊ, थोरल्यानं बांध कोरला म्हणून धाकट्याची तक्रार. तीन कोपरे फिक्सवर झाले, चौथ्यावर फ्लोट आला तो जाईचना. धाकटा डोक्यावर उभा. "मॅडम, टाका की खूण. का थोरल्यानं चहा पाजलाय तुमाला?" संताप तुमचाच उतरलाय माझ्यात. मी घण उचलला आणि लोखंडी गज तिथंच ठोकला. तो थोरल्याच्या वावरात आत गेला, म्हणजे थोरल्यानं बांध सरकवला असंच दिसलं. "बगा, चोर हाय ह्यो," म्हणत धाकटा कुदळीनं बांध फोडायला लागला, थोरला आडवा आला, आणि कुदळ त्याच्या उजव्या खांद्यात बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो चिखलात पडल्यावरही धाकटा त्याला दांड्यानं हाणत होता. मी मागून धरलं, तर त्याच्या कोपरानं माझा ओठ फुटला. थोरल्याची बायको नवऱ्याची जखम पदरानं दाबत होती आणि पदर भिजून जात होता. त्याला टेम्पोत घालून कामशेतच्या दवाखान्यात नेलं.

दोन दिवसांनी मी एकटीच परत गेले. तासभर थांबले, फिक्स आलं. माझा गज सव्वा हात चुकला होता. बांध पहिल्यापासून जागेवरच होता.

थोरला घरी आल्यावर त्याच्या बायकोनं मला ओसरीवर बसवलं. "हात गेला तर गेला, मॅडम. पन सगळ्या गावानं चोर ठरवलं आमाला." तिला खरं सांगायलाच मी गेले होते. तोंडातून निघालं, "मारामारीत गज हलला होता. मी पुन्हा मोजलं. बांध बरोबर आहे, तसं लिहूनही दिलंय." ती रडायला लागली. थोरला म्हणाला, "तुमी हुता म्हनून खरं भायेर आलं." त्यानं नमस्काराला डावा हात वर केला, उजवा उचललाच नाही. मी म्हणाले, "असू दे."

आबा, तुम्ही जिवंत असता, तर हे मी तुम्हालाही सांगितलं नसतं.