टाकीमागचा रानभात

९ सप्टेंबर
मोठी बातमी. पाण्याची टाकी भरून वाहते तिथल्या चिखलात जे गवत माजलंय, ते गवत नाहीच. वरच्या मजल्यावरच्या बाई बियाणं संशोधनात नोकरीला आहेत. आज त्यांनी चप्पल चिखलात रुतवून घेत ते पाहिलं. म्हणाल्या, काका, हा रानभात! आपल्या भाताचा जंगली भाऊबंद. या भागातून संपला असंच सगळे धरून चालले होते. मी म्हणालो, मला संशय होताच. (नव्हता. पण येऊ शकला असता.)

११ सप्टेंबर
बाई दोन महिने ट्रेनिंगला चालल्या. लोंब्यांवर जाळीच्या पिशव्या बांधून गेल्या. मला म्हणाल्या, काका, तुम्ही काही करू नका, फक्त लक्ष ठेवा. म्हणजे सगळी जबाबदारी माझ्यावर. चिरंजीव म्हणाला, बाबा, काही करू नका म्हणाल्यात ना त्या? मी सातवीपर्यंतच शिकलो, म्हणून हा मला शिकवतो.
सापडलेल्या जातीला शोधणाऱ्याचं नाव देतात म्हणे. माझं आडनाव लांबलचक आहे, पण बसेल.

१४ सप्टेंबर
सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, तिथे डास होतात, फरशी घालून स्कूटरचं पार्किंग करू. मी म्हणालो, माझ्या अंगावरून न्या स्कूटर. ते म्हणाले, आजोबा, बीपीची गोळी घेतलीत का? घेतली नव्हती. घरी येऊन दोन घेतल्या. चक्कर आली. पण माघार नाही.

२२ सप्टेंबर
पिशव्यांत लोंब्यांचा जीव गुदमरत असणार. लिफ्ट अडकली की माझं काय होतं ते मलाच ठाऊक. ही म्हणाली, अहो, त्याला काय दमा आहे? सात पिढ्यांत कुणी शेत पाहिलं नाही हिच्या माहेरी. पिशव्या काढल्या. लोंब्यांनी माना हलवल्या. आभारच मानले असावेत.

८ ऑक्टोबर
दाणे काळपट होतायत. सूनबाई म्हणाली, बाबा, आहेत तेवढे डब्यात काढून ठेवा. मुळीच नाही. लोंबी सगळी पिकून वाकल्याशिवाय भात कापत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल.

१५ ऑक्टोबर, सकाळ
चोरी! लोंब्या रिकाम्या. नुसत्या काड्या उरल्यात. संशयित एकच. जिन्यात गाठून तोंडावर विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, आजोबा, आम्ही तांदूळ दुकानातून आणतो. एवढं उर्मट उत्तर निर्दोष माणूस देईल का?

२० ऑक्टोबर
रोपंही वाळून गेली. हरकत नाही. जागा स्वच्छ करून दुसरं पीक घेणार. सफाईवाल्याकडून सगळा चिखल खरवडून काढला. टाकायचा कुठे ही काळजी होती, तर सेक्रेटरी स्वतःच खाली आले. गच्चीतल्या कुंड्यांना हवा म्हणाले. मी एका शब्दाने अडवलं नाही. चोराला चिखल! चार मजले स्वतः बादल्या वाहिल्या त्यांनी. मी खुर्ची टाकून बघत बसलो. एवढं समाधान या वर्षात मिळालं नव्हतं.

१२ नोव्हेंबर
बाई आल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, काका, रानभात कापणीची वाट बघत नाही. जसा पिकेल तसा दाणा आपणच गाळतो, म्हणून तर पिशव्या होत्या. पण असू दे, दाणे चिखलात पडले असतील, पावसाळ्यात उगवतील. चिखल कुठाय?
मी म्हणालो, ट्रकने नेला. अगदीच खोटं नाही, सेक्रेटरींची चाल ट्रकसारखीच आहे. त्यांच्या कुंडीत उगवला तर नाव कुणाचं लागणार? त्यापेक्षा न उगवलेला बरा.
बाई बराच वेळ पायरीवर बसून होत्या. मला जेवण गेलं नाही. अपचन.

३ जुलै
सहज गच्चीवर गेलो. हल्ली रोज सहज जातो. दोन कुंड्यांत हिरवी पाती वर आलीत. सेक्रेटरी खुरपं घेऊन तण उपटायला बसलेले. मी ओरडलो, हात लावू नका! ते म्हणाले, आजोबा, कुंडी माझी, तण माझं, तुमचं काय जातंय? काय जातंय ते त्यांना सांगून कळलं नसतं. कुंडीवर आडवा पडलो. खुरपं हाताला लागलं, रक्त आलं. हललो नाही. ते घाबरून खुरपं टाकून उभे राहिले.
मग बाईंना बोलवायला मीच उतरलो. मधल्या जिन्यात थोडा थांबलो. दम लागला होता. दुसरं काही कारण नाही.

९ ऑक्टोबर
पेपरात फोटो आला. सेक्रेटरी आणि कुंडी. खाली छापलंय, दुर्मिळ रानभात वाचवणारे जागरूक नागरिक. बाई म्हणाल्या, काका, मी तुमचंही सांगितलं होतं त्यांना. छापणाऱ्यांना जागा कमी पडली असेल. आडनाव लांब.
दाणे आता पिकत आलेत. बाईंनी गच्चीच्या दाराला कुलूप घातलंय. एक किल्ली बाईंकडे, एक सेक्रेटरींकडे आणि एक चक्क हिच्याकडे. मागितली तर म्हणाली, अहो, दाणे हाती येईपर्यंत बसा ना गप, चहा टाकते.
बसलोय. एकट्या माणसासाठी एवढा बंदोबस्त कुठे केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.