पेटीसमोरचा तास

बाबा, इथूनच वाकून नमस्कार.

मधमाश्या पाळायला शिकवणारे इथे तीन वर्ग आहेत: नवखे, थोडंफार येणारे आणि मुरलेले. मी ऐटीत मुरलेल्यांत जाऊन बसले. बाई म्हणाल्या, "पेटी न उघडता आत काय चाललंय ते सांगा." मी गुपचूप वही उचलली. आता नवख्यांत आहे.

इथला पहिला धडा म्हणजे पेटीच्या दारासमोर तासभर नुसतं बघत बसायचं. लहानपणी मी मस्ती केली की तुम्ही मला आपल्या पेट्यांसमोर असंच बसवायचात. मी शिक्षा समजून डोळे गच्च मिटून घ्यायचे.

हात जरासा सुजलाय, आईला सांगू नका. तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का? तोवर पेट्या उघडू नका. मी आले की दोघं दारासमोर बसू. या खेपेला काय दिसतं ते मी तुम्हाला सांगेन.

तुमची धाकटी