बाबांना ऐकू जाईल असं

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज आमच्या विमा कचेरीत दानधर्माची लाट आली होती. एरवी टाचणी मागितली तरी कपाळाला आठ्या घालणारे लोक घरून डबे भरभरून घेऊन आले, एकमेकांचेच पदार्थ विकत घेऊन जेवले आणि अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेला मदत केली. मोठ्या साहेबांनी तर तीनदा ताट वाढून घेतलं. परोपकार अंगी लागतो तो असा.

भाषणाच्या वेळी माइक बंद पडला. साहेबांचा आवाज पहिल्या टेबलापलीकडे जाईना, तेव्हा संस्थेचं माहितीपत्रक त्यांनी माझ्या हातात कोंबलं. मला मोठ्याने बोलायची एकच रीत ठाऊक, बाबांच्या मंद झालेल्या कानांपर्यंत पोचेल अशी. एकेक शब्द सुटा, ठणठणीत, पण न किंचाळता. हॉलमधले चमचे थांबले. नंतर संस्थेच्या बाईंनी विचारलं, आवाजाचं शिक्षण कुठे घेतलं? मी म्हटलं, भाजी कोणती करू हे स्वयंपाकघरातून वडिलांना विचारता विचारता.

त्या म्हणाल्या, आमच्याकडे पुस्तकं वाचायला या. पगार इथल्याहून कमी, आणि सहा महिन्यांनी ठेवतील की नारळ देतील, सांगता येत नाही. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. दादा, मला जायचंय. पण ही नोकरी तू साहेबांचे उंबरठे झिजवून मिळवून दिलीस. तू नाही म्हणालास तर जाणार नाही.

वहिनीला नमस्कार. रागाव हवं तर, लोभ मात्र कमी करू नकोस.

तुझी धाकटी


७ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

अभिनंदन. पक्की नोकरी सोडून बंद खोलीत एकटीने बडबडायची संधी प्रत्येकीच्या नशिबी नसते. साहेबांकडे मी खेटे घातले ते बहुधा पायांना व्यायाम म्हणून.

घरी आपण बोलतो त्याला आरडाओरडा म्हणतात, कला नव्हे. फोडणी करपल्याची बातमी आपल्या घरातून चौकापर्यंत जाते, म्हणून कोणी तिकीट लावत नाही. माझं उत्तर नाही. बाबांना काही सांगितलेलं नाही, उगाच त्यांच्या जिवाला घोर नको.

वेळेवर जेवत जा, आशीर्वाद आहेतच.

तुझा दादा


८ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

काल पत्र पेटीत टाकून घरी आलो, तर वहिनीने तुझं पत्र बाबांच्या हाती दिलेलं. चष्मा सापडेना, म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं, अर्थात आपल्या घरच्या पट्टीत. संपेपर्यंत समोरचा शिंपी अभिनंदनाला दारात उभा आणि मागच्या डॉक्टरीणबाई खिडकीतून विचारतायत, कोणतं पुस्तक आधी वाचणार. मला न विचारताच सगळ्या गल्लीने मला समजूतदार भाऊ ठरवून टाकलं.

तरी मी बाबांना दोनदा समजावलं, पगार कमी आहे, भरवसा नाही. ते कानामागे हात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझं मला अर्धंच कळतं. ती गेल्यापासून या घरात मला नीट काही ऐकूच आलेलं नाही."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मला वाटत होतं, ते हल्ली अबोल झालेत.

तेव्हा कालचं पत्र फाडून टाक. साहेबांपुढे मी काय ते तोंड दाखवीन. तू जा, आणि पहिलं जे वाचशील ते आधी इकडे पाठव. शिंपी आणि डॉक्टरीणबाई आपापल्या घरी बसूनच ऐकतील.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा दादा